एत्रता येथील सागरी कमान व एका चित्राचा कालनिर्णय

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास सर्वांत अधिक त्रास कोण देत असेल, तर तो मितीवांचूनचा कागद. अक्षर वळणदार, मजकूर महत्त्वाचा, शिक्का शाबूत. आणि शेवटीं पाहावें तों ‘छ १२ साबान’ एवढेंच, सनाचा पत्ता नाहीं. खासगी पत्रांत तर तेवढेंहि नसतें. अशा वेळीं आपण मजकुरांतील एखादी स्वारी, एखादें ग्रहण, कोणाचें लग्न किंवा मृत्यु ह्यांचा आधार शोधतों. मोडकांची अथवा खरे यांची जंत्री उघडून वार व तिथि जुळवितों. आणि पुष्कळदां दोनतीन सनांच्या कात्रींत सांपडतों. ह्या कात्रींतून सुटण्यास मजकुराबाहेरचें एखादें स्थिर प्रमाण हातीं लागलें तर काय होतें, ह्याचें एक चांगलें उदाहरण फ्रान्सच्या किनाऱ्यावर घडलें आहे. तेथील साधन कागद नसून चित्र आहे, व प्रमाण म्हणून जें उपयोगास आलें तें समुद्रानें कोरलेलें एक दगडी दार आहे. चित्रकलेच्या रसिकांत ही हकीकत कौतुकानें सांगितली जाते. परंतु तींतील प्रमाणविचार रसिकांपेक्षां जुन्या कागदांच्या संग्राहकांस अधिक उपयोगी असल्यामुळें ती येथें देत आहों.

एत्रता हें गांव नॉर्मंडी प्रांतांत, ल हाव्र बंदराच्या ईशान्येस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, इंग्लिश खाडीच्या कांठीं वसलें आहे. दोहों बाजूंस उभे तुटलेले पांढरे कडे, मध्यें गोट्यांनीं भरलेला चंद्रकोरीसारखा किनारा, व त्यामागें गांव, अशी तेथील रचना. किनाऱ्यावर उभें राहून समुद्राकडे तोंड केलें म्हणजे उजव्या हातास ईशान्येकडील कड्याला एक लहान दार पडलेलें दिसतें. त्यास पोर्त दामाँ म्हणतात. डाव्या हातास नैर्ऋत्येकडील कडा समुद्रांत सोंड टाकल्यासारखा पुढें आला असून त्याच्या टोंकास दुसरें, अधिक डौलदार दार आहे. तें पोर्त दाव्हाल. ‘आमाँ’ म्हणजे वरचा व ‘आव्हाल’ म्हणजे खालचा, इतकाच त्या नांवांचा अर्थ. दाव्हालच्या पलीकडे भर समुद्रांत पन्नास मीटरांहून उंच असा एक सुळका उभा आहे. त्यास तेथील लोक ‘सुई’ म्हणतात. तिसरें दार, मानपोर्त, तिहींत सर्वांत मोठें. परंतु तें दाव्हालच्या आड असल्यामुळें गांवांतून दिसत नाहीं. मानपोर्त हें नांव लॅटिन ‘माग्ना पोर्ता’ म्हणजे ‘महाद्वार’ ह्याचा अपभ्रंश, अशी व्युत्पत्ति सामान्यतः सांगतात. आपल्याकडील गडांच्या महादरवाजांची आठवण वाचकांस झाल्यास नवल नाहीं. मात्र ह्या दरवाजास ना कडी ना अडसर, व येणाजाणारा काय तो समुद्रच.

सह्याद्रीच्या काळ्या दगडाची संवय झालेल्यास तेथील खडक दगडच वाटणार नाहीं. तो खडूचा आहे. सुमारें नऊ कोटि वर्षांपूर्वीं तेथें असलेल्या समुद्राच्या तळाशीं सूक्ष्म जीवांच्या कवचांचा गाळ थरावर थर सांचत गेला, त्याचाच हा खडू बनला. त्याच्या पांढऱ्या थरांमधून गारेच्या काळसर गांठींच्या आडव्या ओळी गेलेल्या दिसतात. खडू मऊ, गार कठीण. आणि समुद्रानें ह्या दोहोंच्या भेदाचाच फायदा घेतला आहे. कडा ढासळला म्हणजे खडू पाण्यांत विरून जातो, पण गारा उरतात. त्या घांसून गोटे बनतात. आणि तेच गोटे प्रत्येक लाटेबरोबर उचलले जाऊन कड्याच्या पायथ्यावर आपटतात. किनाऱ्याचे गोटे वाहून नेण्यास तेथें आज मनाई आहे, तीहि सकारणच. गोट्यांचा बांध हा लाटांचा जोर गांवाच्या अलीकडेच जिरवितो. म्हणजे जें हत्यार कडा पोखरतें तेंच गांवाची ढाल होऊन बसलें आहे.

पायथा पोखरला जातांना जेथें आधींपासूनची भेग असेल तेथें पाणी आंत शिरतें व कपार होते. पुढें आलेल्या टोंकास दोहों बाजूंनीं कपारी पडल्या कीं त्या एकमेकींस मिळून आरपार बोगदा होतो. बोगद्याच्या छताचा खालचा भाग सुटून पडत गेला म्हणजे कमान उरते. खडकांतून झिरपून येणाऱ्या गोड्या पाण्यानेंहि भेगा रुंदावण्यास मदत केली असावी. शेवटीं कमानीचें छत कोसळतें, आणि बाहेरचा पाय तेवढा सुळका होऊन उभा राहतो. दाव्हालजवळची सुई हा असाच एक सुटलेला भाग आहे. एकाच ठिकाणीं अखंड कडा, दार व सुळका अशा तीन अवस्था शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात, हें एत्रताचें विशेष होय. भूगर्भशास्त्राच्या हिशेबीं हीं दारें घटकाभरचींच आहेत. परंतु शेदीडशें वर्षांचा विचार करणाऱ्या इतिहासकारास तीं स्थिर मानतां येतात. पुढील सर्व विवेचन ह्या दोन कालमानांतील अंतरावरच उभें आहे.

गांव मूळचें कोळ्यांचें. तेथें नैसर्गिक बंदर नसल्यामुळें होड्या गोट्यांवरून ओढून वर घ्याव्या लागत, व निकामी झालेल्या होडीवर गवती छप्पर घालून तिचीच कोठी बनवीत. तिला ‘कालोज’ म्हणत. दाव्हालच्या पायथ्याशीं खडकांत खोदलेले चौकोनी हौद ओहोटीच्या वेळीं उघडे पडतात. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कालवें पोसण्याचे हौद होत. तेथील कालवें मारी आंत्वानेत राणीच्या थाळीसाठीं जात असें सांगतात. राणीचें नांव जोडल्यानें हौदांस शोभा येते, एवढें खरें. आल्फोन्स कार ह्या लेखकानें १८३६ सालीं ह्या गांवाच्या पार्श्वभूमीवर एक कादंबरी प्रसिद्ध केली, व तेव्हांपासून पॅरिसच्या लोकांचा ओघ तिकडे लागला. देलाक्रुआनें तेथील कड्यांचीं जलरंगांत चित्रें केलीं. १८६९ च्या उन्हाळ्यांत कूर्बे येऊन राहिला. त्यानें काढलेलें वादळानंतरच्या कड्याचें भव्य चित्र १८७० च्या पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनांत मांडलें गेलें, व तें आज पॅरिस येथें ओर्से संग्रहालयांत आहे.

कूर्बेच्या ह्या मुक्कामाचा एक साक्षीदार आहे, तो मोपासाँ. त्याचें बाळपण एत्रतास गेलें होतें, व १८६९ सालीं तो एकोणीस वर्षांचा होता. वादळी दिवशीं एका खोलींत धिप्पाड कूर्बे मोठ्या कोऱ्या कापडावर स्वयंपाकघरांतील सुरीनें पांढरा रंग थापीत बसला होता, मधून मधून खिडकीशीं जाऊन समुद्र पाहत होता, असें वर्णन त्यानें केलें आहे. वर्णन जिवंत आहे. पण तें छापलें गेलें १८८६ सालीं, म्हणजे सतरा वर्षांनंतर, आणि तेंहि एका कसलेल्या कथालेखकाच्या हातून. ज्यांस बखरींशीं झगडावें लागतें त्यांस अशा साक्षीचें मोल किती धरावें हें सांगणें नको. मुख्य गोष्ट विश्वसनीय, तपशील सावधपणें घ्यावा, असें आमचें मत आहे.

आतां ज्या चित्राकरितां हा लेख, त्याकडे वळूं. क्लोद मोने हा चित्रकार जानेवारी १८८३ च्या अखेरीस एत्रतास आला व सुमारें तीन आठवडे राहिला. ऋतु हिंवाळ्याचा, उतारू थोडे, मुक्काम किनाऱ्यावरील ब्लांके ह्यांच्या हॉटेलांत. हवा वाईट असली म्हणजे तो खिडकींतूनच कडा व उसळता समुद्र रंगवी. ह्या मुक्कामांत आलीस ओशदे हिला (ही पुढें त्याची पत्नी झाली) तो पत्रें लिहीत असे, व त्यांत आजची हवा, आजचें काम, कोण भेटलें, काय बिघडलें, हें सर्व असे. कूर्बेनें जें इतकें उत्तम केलें आहे तेंच आपण पुन्हां करावयास घेणें हें धाडस होय, अशी कबुलीहि आरंभींच्या पत्रांत आहे. ह्या तीन आठवड्यांत सुरू केलेलीं सुमारें वीस चित्रें आज निरनिराळ्या देशांत विखुरलेलीं आहेत. त्यांतील एक अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना संस्थानाच्या कलासंग्रहालयांत आहे. डावीकडे पुढें आलेला कडा, त्याच्या टोंकास पोर्त दाव्हाल, त्यामागून डोकावणारा सुळका, आणि क्षितिजाच्या किंचित् वर लालसर सूर्यबिंब, असा त्याचा विषय. एत्रता येथें काढलेल्या त्याच्या चित्रांत मावळतें सूर्यबिंब प्रत्यक्ष दाखविलेलें चित्र हेंच होय, आणि हेंच बिंब संशोधनाची किल्ली ठरलें.

टेक्सास स्टेट विद्यापीठांतील पदार्थविज्ञान व ज्योतिष ह्यांचे अध्यापक डोनाल्ड ओल्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं हें काम हातीं घेतलें, व त्याचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम त्यांनीं स्थळ निश्चित केलें. किनाऱ्यावरून चालत गेलें असतां सुळका दाराच्या मागें सरकतांना दिसतो. कोठें तो पूर्ण झांकला जातो, कोठें पूर्ण सुटतो, व एका ठराविक जागेवरूनच कमानीच्या कडेशीं त्याचें चित्रांतल्यासारखें नातें जमतें. ही जागा त्यांनीं प्रत्यक्ष गांवीं जाऊन, चित्राची प्रत हातांत धरून शोधली. ती पोर्त दामाँच्या बाजूच्या किनाऱ्यावर निघाली. मोजमापाकरितां कोणी बुरूज बांधावा तसे दार व सुळका हे दोन स्थिर खांब निसर्गानें रोवून ठेवलेले होते म्हणूनच हें साधलें. नुसता सपाट समुद्र असता तर चित्रकार कोठें उभा होता हें कोणास सांगतां आलें नसतें.

जागा ठरली म्हणजे सूर्य कोणत्या दिशेस व क्षितिजावर किती उंच होता हें काढतां येतें. सूर्यास्ताची जागा रोज बदलते. त्या अक्षांशावर फेब्रुवारीच्या आरंभीं ती दररोज सुमारें एका बिंबाच्या रुंदीइतकी उत्तरेकडे सरकते. म्हणून दिशेवरून दिवस मिळाला तो ५ फेब्रुवारीच्या आसपासचा. दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे धरावे लागले, कारण चित्रकाराचा कुंचला हें कांहीं दुर्बिणीचें यंत्र नव्हे. येथें एक शंका जाणत्या वाचकांस येईल. सूर्य एकाच दिशेस वर्षांतून दोन वेळां मावळतो. फेब्रुवारीच्या आरंभीं जो सूर्यास्त तोच पुन्हां नोव्हेंबरच्या आरंभीं. मग नोव्हेंबर कां नव्हे? ह्याचें उत्तर ज्योतिषांत नाहीं, पत्रांत आहे: १८८३ मधील मोनेचा एत्रतातील मुक्काम हिंवाळ्याच्या अखेरचाच. म्हणजे गणितानें दोन दारें उघडलीं, व त्यांतील एक पत्रांनीं बंद केलें.

उरलेल्या चारपांच दिवसांतून एक निवडण्यास समुद्रानेंच साहाय्य केलें. एत्रता येथें उधाणाच्या वेळीं भरती व ओहोटी ह्यांत सात-आठ मीटरांचें अंतर पडतें, त्यामुळें कमानीचा पाय किती उघडा आहे हें पाहून पाणी कोठवर होतें तें ठरवितां येतें. भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून अधिक पुढें जाते; तेव्हां सूर्यास्ताच्या त्याच घटकेस एका दिवशीं पाणी चढलेलें, तर दुसऱ्या दिवशीं उतरलेलें असणार. जुन्या काळची भरती-ओहोटी गणितानें काढून चित्रांतील पाण्याशीं ताडून पाहिली. पत्रांतून कोणत्या दिवशीं मोने कोठें व कशांत गुंतला होता तें पाहिलें. त्या आठवड्याच्या हवेच्या नोंदी पाहिल्या. भरती, पत्रें व हवा ह्या तिन्ही चाळणींतून इतर दिवस गळून पडले, आणि राहिला तो सोमवार, ५ फेब्रुवारी १८८३. सूर्यबिंबाच्या उंचीवरून वेळ निघाली सायंकाळीं ४ वाजून ५३ मिनिटें, अर्थात् तेथील स्थानिक मध्यम काळानें. आपल्या पंचांगाच्या रीतीनें सांगावयाचें तर शके १८०४ च्या पौष वद्य पक्षाची ती अखेर, अमावास्या एकदोन दिवसांवर. म्हणजे समुद्रास उधाण चढत होतें.

मिनिटापर्यंतचा हा आंकडा पाहून कित्येकांनीं आश्चर्य व्यक्त केलें, तर कित्येकांनीं नाक मुरडलें. आमच्या मतें दोन्ही थोडीं घाईचीं आहेत. त्या अक्षांशावर, त्या ऋतूंत, सूर्यबिंब स्वतःच्या व्यासाएवढें खालीं जाण्यास तीनचार मिनिटें लागतात. कुंचल्याचा एक फटकारा बिंब अर्ध्यानें वर-खालीं करूं शकतो. तेव्हां ५३ च्या जागीं ५० किंवा ५६ म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं. मिनिटाचा आंकडा हा गणिताचा शेवट आहे, ज्ञानाचा नव्हे. परंतु दिवसाची गोष्ट निराळी. दिवस हा सूर्याची दिशा, समुद्राची पातळी, पत्रें व हवा अशा परस्परांशीं संबंध नसलेल्या चार साक्षीदारांनीं एकमुखानें सांगितला आहे, म्हणून तो अधिक बळकट आहे. ह्यांतील सूर्य एकटा दिवस सांगतो पण साल सांगूं शकत नाहीं, कारण तो दरवर्षीं त्याच जागीं येतो. सालाची परीक्षा चंद्र करतो. भरती चंद्राच्या तंत्रानें चालत असल्यामुळें त्याच तारखेस पुढल्या सालीं पाणी निराळ्या पातळीवर असतें. ज्यांनीं तिथि व वार जुळवून पत्राचा सन ठरविला आहे त्यांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

खरा आक्षेप दुसराच आहे, व तो पुरेसा मांडला जात नाहीं असें आम्हांस वाटतें. मोने आपलीं बरींच चित्रें घरीं नेऊन पुरीं करीत असे. मग ५ फेब्रुवारी ही तारीख कशाची? कापडावर शेवटचा रंग लागला त्या दिवसाची ती नव्हे, हें उघड आहे. ती आहे देखाव्याची तारीख: अशा प्रकारें सूर्य, दार, सुळका व पाणी हीं एकत्र ज्या क्षणीं दिसलीं त्या क्षणाची. एखाद्या पत्रांत लढाईची हकीकत असते व पत्र दहा दिवसांनीं लिहिलेलें असतें. लढाईची मिति व पत्राची मिति ह्या दोन गोष्टी आहेत. बखरींत तर ह्या दोहोंमध्यें पिढ्या जातात. तोच भेद चित्रासहि लावला पाहिजे. तो लावला म्हणजे ओल्सन ह्यांचा निर्णय कमी होत नाहीं, उलट नेमका होतो. शिवाय त्यांतून एक गोष्ट अशी सिद्ध होते कीं, पुढें घरीं रंग चढवितांनाहि मोनेनें सूर्य व पाणी ह्यांचें मूळचें नातें बिघडविलें नाहीं. बिघडविलें असतें तर चार साक्षी एका दिवसावर मिळाल्याच नसत्या. त्याच्या समकालीनांनीं त्याच्या पंथास ‘क्षणाचा ठसा’ घेणारे म्हणून हिणविलें होतें. तो ठसा गणितास उतरला, हें त्याच्या बाजूचें प्रमाणपत्रच म्हणावयाचें.

ह्याच रीतीचा आणखी एक प्रयोग ल हाव्र बंदराच्या चित्रावर झाला. ज्या चित्राच्या नांवावरून त्या पंथास नांव पडलें, तें पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयांतील सूर्योदयाचें चित्र मोनेनें स्वतः ‘७२’ असा आंकडा घालून ठेविलें असतांहि तें १८७२ चें कीं १८७३ चें ह्याविषयीं वाद होता. मोठीं जहाजें त्या बंदरांत भरतीच्याच वेळीं ये-जा करूं शकत. त्यावरून व हवेच्या नोंदींवरून १३ नोव्हेंबर १८७२ ची सकाळ, ७ वाजून ३५ मिनिटें, ही ओल्सन ह्यांनीं सर्वांत संभवनीय वेळ ठरविली. येथें कमानीचें काम बंदराच्या धक्क्यांनीं केलें. मात्र धक्के माणूस बदलतो, पाडतो, पुन्हां बांधतो, म्हणून त्या प्रयोगांत जुने नकाशे मध्यें घ्यावे लागले. एत्रताची कमान ह्या बाबतींत अधिक सरळ साक्षीदार होय. तिच्याच माथ्यावरील प्रदेशांत माणसानें उभारलेल्या वास्तूंची स्थिति पाहावी: ८ मे १९२७ रोजीं नुंजेसेर व कोली हे वैमानिक अटलांटिक ओलांडण्यास निघून एत्रतावरून समुद्राकडे गेले ते परत आलेच नाहींत, त्यांचें स्मारक दामाँच्या कड्यावर उभारलें गेलें, तें दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं पाडलें, व पुढें दुसरें उभारावें लागलें. शेजारच्या देवळाचीहि तीच गत झाली. खालचें खडूचें दार मात्र जागच्या जागीं आहे.

मोने १८८५ च्या शरदांत पुन्हां एत्रतास आला, व ह्या वेळीं समुद्रानें त्यास चांगलाच हिसका दाखविला. नोव्हेंबरच्या अखेरीस मानपोर्तजवळ कड्याखालीं वाऱ्याच्या आडोशास तो रंगवीत बसला होता. पाणी उतरत आहे अशा समजुतीनें त्यानें लाटांकडे लक्ष दिलें नाहीं. प्रत्यक्षांत भरतीच्या कोष्टकाविषयीं त्याची चूक झाली होती. एका प्रचंड लाटेनें त्यास कड्यावर आपटलें, घोडी, पिशवी, कापड सर्व ओढून नेलें, आणि तो हातापायांवर सरपटत बाहेर आला तेव्हां त्याची दाढी निळ्यापिवळ्या रंगांनीं माखली होती. ही हकीकत त्यानें स्वतःच आलीसला कळविली आहे. मोपासाँहि त्या शरदांत तेथें होता. मुलांच्या हातीं पांचसहा कापडें देऊन मोने किनाऱ्यावरून चाले, व उजेड बदलला कीं एक ठेवून दुसरें घेई, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. हें लिहिलें त्यास वर्षहि लोटलें नव्हतें. कूर्बेसंबंधीं सतरा वर्षांनीं लिहिलेल्या आठवणीपेक्षां ही साक्ष आम्ही वरच्या प्रतीची मानतों, आणि ती एका लेखांत शेजारीं शेजारीं असल्यामुळें तुलना करण्यास सोयीची आहे. एकेका उजेडास एकेक कापड, हें मोपासाँचें विधान खरें असेल तर एका चित्रांतील सूर्य व पाणी एकाच घटकेचे असणें स्वाभाविक ठरतें, व वरील कालनिर्णयास तेवढी पुष्टि मिळते.

कल्पित गोष्टीहि येथें कमी नाहींत. मोरीस लब्लाँ ह्यानें १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कादंबरींत दाव्हालजवळचा सुळका आंतून पोकळ असून त्यांत फ्रान्सच्या राजांचा वंशपरंपरागत खजिना दडविलेला आहे, अशी कल्पना केली. सुळका भरीव आहे. तथापि कादंबरी वाचून आलेले उतारू त्याचें दार कोणीकडे म्हणून चौकशी करतात असें ऐकिवांत आहे. आपल्याकडेहि प्रत्येक गडास एक भुयार व प्रत्येक भुयारास एक खजिना असतोच. फरक इतकाच कीं, आपल्या खजिन्यांच्या कर्त्याचें नांव व प्रकाशनाचें साल सांपडत नाहीं.

चित्रानें कमानीची साक्ष घेतली. उलट कमानीलाहि चित्राची साक्ष लागण्याची वेळ येते. माल्टाच्या राज्यांतील गोझो बेटावर दुएय्रा येथें सुमारें २८ मीटर उंचीची चुनखडीची अशीच एक कमान होती. तिच्या छताचे मोठे तुकडे कांहीं वर्षांपासून सुटत होते, व लोकांनीं वर चढूं नये म्हणून मनाईहि झाली होती. ८ मार्च १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ८ मार्च २०१७ रोजीं सकाळीं, वादळांत, ती छतासह व खांबासह कोसळली, आणि पाण्यावर कांहींच उरलें नाहीं. आज तिची उंची, रुंदी, छताची जाडी, पडत गेलेल्या भेगांचा क्रम हें सर्व चित्रें, छायाचित्रें व मोजणीचे कागद ह्यांतूनच काढावें लागतें. त्यांतलीं ज्यांवर तारीख आहे तीं क्रमानें लावतां येतात. ज्यांवर नाहीं तीं कमानीच्या रूपावरूनच क्रमांत बसवावीं लागतात. एत्रता येथें कमानीनें चित्राची तारीख सांगितली, गोझो येथें चित्रांनीं कमानीचें वय सांगावयाचें, असा हा उलटा व्यवहार आहे.

ह्या सर्वांचा आपल्या दप्तरांशीं संबंध एका ठिकाणीं पोंचतो, तो भरतीच्या ठिकाणीं. कोंकणांतील खलाशी व कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दोन प्रहरच्या व मध्यरात्रीच्या सुमारास. खाडीच्या आंतल्या बंदरांत थोडा उशीर धरावा लागतो. हें कोष्टक उलट बाजूनेंहि वाचतां येतें. आरमारी किंवा बंदरी कागदांत गलबतें दोन प्रहरीं भरतीवर बाहेर काढलीं असा उल्लेख असेल, तर तो दिवस पौर्णिमेच्या अथवा अमावास्येच्या आगेंमागेंच असला पाहिजे. सूर्योदयास भरती असेल, तर अष्टमीच्या सुमाराचा. ‘उधाण’ व ‘भांग’ हे शब्दहि अशा कागदांत केवळ वर्णनाचे नसून कालदर्शक आहेत. पत्रावर चांद्र तारीख असून ती मजकुरांतील भरतीशीं जुळत नसेल, तर नक्कल करणाराची चूक अथवा दोन दिवसांच्या हकीकतींचा घोटाळा समजून मूळ पुन्हां तपासावें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकरितां तर ह्याहून अधिक साधनें आहेत: मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंतील हवेच्या नोंदी आहेत, व अपोलो बंदराच्या भरतीमापकाचीं मोजमापें १८७८ पासूनचीं आहेत.

कोंकणपट्टींतील घराण्यांच्या व बंदरांच्या कागदांत भरती, ओहोटी, उधाण, भांग, वारा वा किनाऱ्यावरील एखाद्या खडकाची ओळख सांगणारे उल्लेख ज्या संग्राहकांस आढळतील, त्यांनीं ते ओळीच्या ओळी, पुढच्यामागच्या मजकुरासह उतरून घ्यावे. कागदावर मिति असो वा नसो, पाकिटावरील अगर पाठीवरील शेरेहि सोडूं नयेत. मिति असलेले उल्लेख आधीं मिळाले तर वरील पाऊणपटीचा नियम कोणत्या बंदरास कितपत लागू पडतो हें प्रथम तपासतां येईल, व त्यानंतरच मिति नसलेल्या कागदांस हात घालणें योग्य होईल.